वरून निवळ, खालून सडकं : पाण्यावरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात तळ्यांच्या पाण्याबद्दल थोडंसं लिहिलं होतं. पाण्यात घाण किती सोडली यावर दर्जा ठरतो तसाच ते पाणी हलतं कसं, थर धरतं का, ढवळतं कधी यावरही ठरतो, इतकंच म्हटलं होतं. त्यावर एवढे मेल आलेत की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, निवडक घेतेय. काही प्रश्न छोटे करून छापलेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही तलावात मासे सोडलेत. पाणी वरून अगदी छान, ऑक्सिजनचं मीटर लावलं तर सातच्या वर दाखवतं. पण परवा रात्री जोराचा वारा आणि गारठा झाला आणि सकाळी मासे मरून वर आलेले. कोणी काही टाकलं असेल का पाण्यात?

विषाचा संशय पहिला येतो हे कळतं मला, पण त्याआधी एक सांगा, मीटर किती खोल सोडलं होतं? काठावर उभं राहून हाताएवढ्या खोलीवर मोजलं असेल तर तुम्ही तलावाचा फक्त वरचा भाग मोजलात, आणि तुमच्या माशांना मारलं ते बहुतेक खालच्या भागाने.

काय होतं ते सांगते. उन्हाने वरचं पाणी तापतं, तापलेलं पाणी हलकं, ते वरच राहतं, खालचं गार आणि जड पाणी खाली बसून राहतं. फरक किती म्हणाल तर हास्यास्पद वाटेल इतका कमी, पण गंमत अशी की गरम हवामानात हा फरक जास्त भारी पडतो. पाणी 4 अंशांवरून 5 वर गेलं तर घनमीटरमागे जेमतेम 8 ग्रॅमने हलकं होतं आणि 29 वरून 30 वर गेलं तर जवळपास 300 ग्रॅमने. म्हणजे एकाच अंशाचा फरक, पण थर धरून ठेवायची ताकद पस्तीसेक पट. म्हणून उष्ण भागातल्या तलावात वर-खाली दोन-तीन अंशांचाच फरक असला तरी लोक म्हणतात ना "एवढ्याने काय होतंय", तर त्याने बरंच होतं.

आता खालच्या थरात काय चाललेलं असतं? पानं, विष्ठा, उरलेलं खाद्य, मेलेलं शेवाळ सगळं खाली जातं, तिथे जिवाणू ते खातात आणि ऑक्सिजन वापरतात. वरून नवा ऑक्सिजन यायला हवा तर तो ढवळूनच येतो. नुसता झिरपत आला तर किती वेळ लागेल याचा हिशोब साधा आहे, स्थिर पाण्यात ऑक्सिजनला 1 सेंटीमीटर जायला सात-आठ तास लागतात. मग 1 मीटरला किती? शंभरपट नाही. अंतर शंभरपट झालं की वेळ दहा हजारपट होतो, म्हणजे आठेक वर्षं. आठ वर्षं, एका मीटरला! त्यामुळे थर एकदा पक्का बसला की खालच्या पाण्याचा श्वास बंद झाला असंच धरून चाला. ऑक्सिजन संपल्यावर तिथे दुसरे जिवाणू कामाला लागतात, हायड्रोजन सल्फाइड म्हणजे तो सडक्या अंड्याचा वास, अमोनिया, हे साठत जातं. वर मात्र सगळं निवळ.

मग एखादी गारठ्याची रात्र येते, वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि बुडायला लागतं, त्यात वारा साथीला, आणि अख्खा तलाव वर-खाली होतो. खालचं मेलेलं पाणी वरच्यात मिसळतं. नुसतं मिसळतं एवढंच नाही, त्यातला सल्फाइड उरलासुरला ऑक्सिजनही खातो. पहाटे तर तसाही ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो कारण रात्रभर शेवाळाने तो बनवलेला नसतो, उलट वापरलेला असतो. त्यात 30 अंशांच्या पाण्यात मुळातच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो, 10 अंशांच्या पाण्यात अकराच्या वर. म्हणजे गरम पाण्यात राखीव साठाच कमी.

तेव्हा पोलिसात जायच्या आधी दोरीला मीटर बांधून दर अर्ध्या मीटरवर तापमान आणि ऑक्सिजन मोजा, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. ज्या खोलीवर आकडा एकदम कोसळतो तिथे तुमचा थर आहे. आणि त्या थराखालचं पाणी एकूण पाण्याच्या निम्मं वगैरे असेल तर खाद्य कमी करा, कारण ती उलथापालथ पुन्हा होणार.

प्रश्न : आमच्या सोसायटीने तळ्यात कारंजं बसवायचं ठरवलंय, पाणी शुद्ध राहतं म्हणून. उपयोग होईल का?

दिसायला छान दिसेल. बाकी कारंज्यावर अवलंबून आहे. पंपाचं तोंड वरच्या हातभर पाण्यात असेल तर तेच चांगलं पाणी उचलून तिथेच टाकणार, वरचं पाणी वरच्या वर फिरत राहणार आणि खालच्या थराला पत्ताही लागणार नाही. तळं दीड-दोन मीटरच खोल असेल तर ठीक आहे, थोडंफार ढवळेल.

खोल तळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तळाशी भोकाची नळी टाकून त्यातून हवेचे बुडबुडे सोडणं. लोकांना वाटतं बुडबुड्यातली हवा पाण्यात विरघळते म्हणून फायदा होतो, तसं थोडंसं होतं पण तो मुख्य मुद्दा नाही. बुडबुडे वर जाताना आपल्यासोबत खालचं गार पाणी ओढत वर नेतात, ते वर येऊन पसरतं, असं करत करत थर मोडतो, आणि ऑक्सिजन बहुतेक येतो तो तळ्याच्या पृष्ठभागातूनच, कारण आता सगळ्या पाण्याला आळीपाळीने वर यायची संधी मिळते. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळच्या नीव्ह मेअर तळ्यात 1993 पासून असं मुद्दाम ढवळणं सुरू केलं आणि तिथलं मायक्रोसिस्टिस नावाचं त्रासदायक निळं-हिरवं शेवाळ चांगलंच कमी झालं. त्याला तरंगायला शांत पाणी लागतं, ते मिळेना.

पण एक सांभाळा. उन्हाळा पूर्ण तापल्यावर, खाली महिनोन्महिने घाण साठलेली असताना एकदम मशीन सुरू केलं तर वरच्या प्रश्नातले मासे मेले तसेच तुमचेही मरतील. थर बनायच्या आधी सुरू करायचं आणि मग चालू ठेवायचं. "जास्त दुर्गंधी आली की लावू" हा विचार अगदी उलटा आहे.

प्रश्न : एकाच ठिकाणाहून एका आठवड्याच्या अंतराने दोनदा पाणी तपासलं. पहिला रिपोर्ट चांगला, दुसऱ्यात मँगनीज आणि लोह वाढलेलं, पाणीही गार आणि वासाचं. मध्ये काहीच सोडलेलं नाही कुणी. लॅब चुकली की आम्हाला फसवतायत?

दोन्ही रिपोर्ट खरे असतील, आणि मला तरी तसंच वाटतंय. तुम्ही "पाणीही गार" हे लिहिलंत त्यातच उत्तर आहे.

तळ्यावर दोन-तीन दिवस एकाच बाजूने वारा वाहिला की वरचं पाणी वाऱ्याच्या दिशेला ढकललं जातं आणि त्या काठाला पाण्याची पातळी जराशी चढते. जराशी म्हणजे सेंटीमीटरभर, डोळ्याला दिसणारही नाही. पण आतला थर, जिथे गरम आणि गार पाणी भेटतं, तो उलट्या बाजूला कलतो, आणि तो सेंटीमीटरने नाही कलत. वरचं पाणी 24 अंश आणि खालचं 10 अंश असेल तर दोघांच्या घनतेतला फरक हजारात अडीचाच्या आत, आणि म्हणून वर 1 सेंटीमीटर चढ झाला की आतल्या थराला त्याचा तोल सांभाळायला चारेक मीटर खाली जावं लागतं. मग वाऱ्याच्या पाठच्या काठाला तोच थर वर येतो, कधी कधी पार पृष्ठभागापर्यंत. वारा पडला की हा कललेला थर परत यायला लागतो, पण एकदम थांबत नाही, परातीतलं पाणी हिंदकळतं तसा इकडून तिकडे हिंदकळत राहतो, फक्त फार सावकाश, एक फेरी पूर्ण व्हायला कित्येक तास, मोठ्या तळ्यात काही दिवससुद्धा. आणि हे सगळं वरून बिलकूल दिसत नाही, वर पाणी आरशासारखं शांत असतं आणि आत ही एवढी मोठी लाट चाललेली.

हे पहिल्यांदा नीट कळलं स्कॉटलंडच्या लॉख नेसमध्ये, वॉटसन नावाच्या संशोधकाने 1904 मध्ये तापमानांच्या नोंदींवरून असं मांडलं होतं. तळ्यात दडलाय म्हणतात तो तिथला प्रसिद्ध राक्षस नंतर आला, 1933 च्या सुमारास. मला विचाराल तर खरी गोष्ट जास्त भन्नाट आहे.

आता तुमच्या रिपोर्टकडे या. तुमचा नमुना घ्यायचा खांब किंवा इंटेक, म्हणजे पाणी ओढून घ्यायचं तोंड, जागच्या जागी आहे, पण त्याच्यासमोरचं पाणी बदललं. आधी वरचा थर होता, नंतर खालचा सरकून आला, आणि खालच्या थरात ऑक्सिजन नसल्यामुळे गाळातलं लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात आलेलं असतं. अमेरिकेतल्या ईरी सरोवराकाठी क्लीव्हलँडला हा प्रकार नेहमीचा आहे, उन्हाळ्याच्या शेवटी सरोवराच्या मधल्या भागातल्या तळाचा ऑक्सिजन संपतो आणि वाऱ्याने ते पाणी किनाऱ्याकडे सरकलं की शहराच्या इंटेकला ते लागतं. तिथले लोक म्हणून पाणी शुद्ध करायची रसायनं बदलायची तयारी ठेवूनच असतात. तापमान एकदम खाली आलं की समजायचं, पाहुणा आला.

त्यामुळे माझी सगळ्यांना एकच कळकळीची विनंती, नमुन्याच्या बाटलीवर तारीख लिहिता तसं खोली, तापमान आणि मागच्या दोन दिवसांचा वारा कुठला होता हेही लिहा. एवढं नसलेला रिपोर्ट म्हणजे पत्ता नसलेलं पत्र आहे, माझ्या मते तो अर्धा रिपोर्ट. महागड्या तपासण्या करतात लोक आणि थर्मामीटर बुडवायचं विसरतात याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : वारा असला की तळ्यावर फेसाच्या लांबच लांब समांतर रेघा पडतात, हे केमिकलमुळे का?

फेस कशामुळे आला ते तपासावं लागेल, मेलेल्या शेवाळानेही येतो. पण रेघा केमिकलच्या नाहीत, वाऱ्याच्या आहेत. वारा आणि लाटा मिळून पाण्यात वाऱ्याच्या दिशेने लांबलचक गुंडाळ्या तयार करतात, शेजारशेजारच्या दोन गुंडाळ्या उलट दिशेने फिरतात, जिथे दोघींचं पाणी वर एकत्र येऊन खाली जातं तिथे फेस, पानं, कचरा अडकतो आणि रेघ दिसते. आयर्विंग लँगम्युअर, ज्यांना 1932 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी 1927 मध्ये अटलांटिक ओलांडताना समुद्री शेवाळाच्या अशा रांगा बघितल्या, मग अमेरिकेतल्या लेक जॉर्ज तळ्यात प्रयोग करून 1938 मध्ये छापलं. नमुना घेताना मात्र लक्षात ठेवा, रेघेवर बाटली बुडवली तर आकडा जास्त येणार, दोन रेघांच्या मध्ये बुडवली तर कमी.

प्रश्न : हिरवा तवंग सकाळी एका कोपऱ्यात असतो, संध्याकाळी दुसरीकडे. एका दिवसात एवढं शेवाळ वाढतं कसं? आणि ते पाणी गाळून, उकळून प्यायलं तर चालेल का?

वाढत नाही, जमतं. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही आणि मग उगाच घाबरगुंडी तरी उडते नाहीतर उगाच निर्धास्तपणा येतो.

मायक्रोसिस्टिससारख्या शेवाळाच्या पेशीत वायूच्या बारीक पोकळ्या असतात त्यामुळे ते तरंगतं. सुट्टी पेशी फार हळू वर येते, पण पेशींचा गोळा झाला की वेग वाढतो. स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञाने 1851 मध्ये जो नियम मांडला त्याप्रमाणे त्रिज्या दुप्पट झाली की वेग चौपट. मोठे गोळे तासाला मीटरच्या हिशोबात वर येतात. रात्री वारा पडला की पाच-सहा मीटर खोलीत विखुरलेलं सगळं शेवाळ पहाटेपर्यंत वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये गोळा. जे आदल्या दिवशी दिसलंही नव्हतं तेच आता हिरव्या रंगाच्या डब्यासारखं दिसतंय, एकूण शेवाळ तेवढंच. मग वारा सुटतो. पृष्ठभागावरचं पाणी साधारण वाऱ्याच्या वेगाच्या तीन टक्क्यांनी सरकतं, म्हणजे सेकंदाला 5 मीटरचा साधा वारा असला तरी तासाला अर्धा किलोमीटर. संध्याकाळपर्यंत तवंग पलीकडच्या काठाला. वारा अजून वाढला तर ते परत खाली ढवळलं जातं आणि पाणी "स्वच्छ" दिसतं.

पिण्याचं विचारलंत तर उत्तर स्पष्ट आहे, नाही. या शेवाळाच्या पेशीत विष असू शकतं, उकळल्याने ते जात नाही, उलट पेशी फुटून ते पाण्यात मोकळं होतं. कापडाने गाळणं तर सोडूनच द्या. ऑगस्ट 2014 मध्ये ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात हेच विष, मायक्रोसिस्टिन, सापडलं आणि चारेक लाख लोकांना पाणी पिऊ नका, उकळूही नका असं सांगावं लागलं, दोन-तीन दिवस. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे किती कमी ते बघा. आणि जनावरांनाही तवंगाच्या काठावर पाजू नका, वारा तवंग जिकडे ढकलतो ती बाजू टाळून पलीकडे न्या.

प्रश्न : सांडपाणी समुद्रात सोडलं तर बिघडतं काय? समुद्र एवढा मोठा आहे, विरळ होऊन जाईल. आमचे काका इंजिनीअर होते ते नेहमी असंच म्हणायचे.

तुमच्या काकांचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं खरंच महत्त्वाचं आहे म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

सांडपाणी म्हणजे शेवटी गोडं पाणी, घनमीटरला हजार किलोच्या आसपास, समुद्राचं हजार पंचवीस. खोल तळाशी बारीक बारीक तोंडांतून सोडलं तर ते हलकं असल्यामुळे जोरात वर उठतं आणि उठताना बाजूचं समुद्राचं पाणी ओढून घेतं. रचना चांगली असेल तर काही मिनिटांत शंभरेक पटीने विरळ होणं ही नेहमीची गोष्ट आहे. बॉस्टनने हेच केलं, सप्टेंबर 2000 मध्ये. आधी बंदरातच सोडायचे, मग साधारण 15 किलोमीटरचा बोगदा समुद्राखालून नेला आणि शेवटच्या दोनेक किलोमीटरवर पन्नासहून जास्त उभ्या नळ्यांमधून, 30 मीटरच्या आसपास खोलीवर ते पाणी सोडायला लागले. नीट शुद्ध करून, बरं का, ते विसरू नका, नुसता बोगदा खणला नाही. बंदर सुधारलं.

उन्हाळ्यात तिथे समुद्रही थर धरतो, मग वर चढणारं सांडपाणी थराशी पोचेपर्यंत एवढं मिसळलेलं असतं की आजूबाजूच्या पाण्याइतकंच जड होतं आणि तिथेच अडकून आडवं पसरतं, वर येतच नाही. हे चांगलं की वाईट? वाऱ्याने ढकलून ते पुळणीवर येत नाही हे चांगलं. पण ऊन लागत नाही. उन्हात स्वच्छ समुद्रात विष्ठेतले जिवाणू काही तासांत मरतात, अंधारात तेच काही दिवस टिकतात. तेव्हा सरळ उत्तर नाही, दोन्हीचा हिशोब करावा लागतो.

आता काकांचं चुकलेलं अर्धं. मोठा समुद्र उपयोगाचा कधी, तर घाण त्या मोठ्या समुद्रापर्यंत पोचली तर. खाडीच्या आत सोडलेली घाण पोचत नाही. बघा ना, भरती-ओहोटीचं चक्र 12 तास 25 मिनिटांचं. प्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, जो काही कमी नाही, तर एका ओहोटीत पाणी साधारण सात किलोमीटर बाहेर जातं. तुमची नळी तोंडापासून दहा किलोमीटर आत असेल तर ती घाण सात किलोमीटर फिरायला गेली आणि पुढच्या भरतीला घरी परत आली. मधल्या मधे थोडी इकडे-तिकडे मिसळली, पण दिवसाला दोनदा "पाणी बदलतं" हा समज खोटा आहे, बदलतं त्यातलं थोडंसंच, आणि बाहेर गेलेल्यातलंही बरंचसं पुढच्या भरतीला परत येतं. उधाणाला हा बदल जास्त, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी छोटी असते तेव्हा, फारच कमी. म्हणून खाडीचं पाणी तपासायचं तर भांगाला ओहोटी संपत आली असताना तपासा, खरं चित्र तेव्हा दिसतं. उधाणाच्या भरतीला नमुना घेतलेला रिपोर्ट कोणी तोंडावर फेकला तर विचारा, साहेब तिथी कुठली होती?

वर आणखी एक गोष्ट. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे गोडं पाणी वरून बाहेर जातं आणि खारं पाणी तळातून आत येतं, सरासरी काढली तर कायम. त्यामुळे जे बुडतं, गाळ आणि त्याला चिकटलेले जड धातू, ते बाहेर जायचं सोडून तळाच्या प्रवाहाबरोबर आत ढकललं जातं. वरून बाटली टाकली तर ती समुद्रात जाईल, गाळ जाणार नाही. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीचं पाणी असंच वर पसरतं, खतं घेऊन येतं, शेवाळ फोफावतं, मरून खाली पडतं, आणि वरच्या गोड्या थरामुळे खाली ऑक्सिजन पोचत नाही. 2017 मध्ये तिथला मृत पट्टा बावीस हजार चौरस किलोमीटरच्या वर मोजला होता. उघडा समुद्र आहे तो, लहान नाही. काकांना सांगा.

प्रश्न : पाऊस थांबून महिना झाला तरी पाणी गढूळच. गाळ बसत का नाही?

कणांच्या आकारामुळे. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण शांत पाण्यात दिवसाला आठेक मीटर खाली जातो, 1 मायक्रॉनचा फक्त आठ सेंटीमीटर. दहापट बारीक, शंभरपट हळू. आठ मीटर खोल तळ्यात त्याला शंभर दिवस लागतील तेही पाणी अजिबात हललं नाही तर, आणि तळं उथळ असेल तर दुपारचा वारा बसलेला गाळही रोज उचलतो. तुरटीने कण एकमेकांना चिकटून मोठे होतात म्हणून पटकन बसतात. नदी समुद्राला मिळते तिथे मीठ आपोआप हेच काम करतं.

प्रश्न : मॅडम, मी केमिस्ट्रीची शिक्षिका आहे. तुम्ही सगळं वाऱ्यावर आणि थरांवर ढकलता. फॉस्फरस, नायट्रोजन यांना काही किंमतच नाही का?

मॅडम, तुमचा टोमणा मान्य, फॉस्फरस आला नसता तर शेवाळच आलं नसतं. पण फॉस्फरस बंद केल्यावरही काही तळी पंधरा-पंधरा वर्षं हिरवीच का राहतात हे सांगायला तुम्हाला परत थरांकडेच यावं लागेल. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये 1941-42 मध्ये दाखवलं की तळाला ऑक्सिजन असेपर्यंत गाळातलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं, ऑक्सिजन संपला की लोह विरघळतं आणि फॉस्फरस सुटतो. म्हणजे जुना साठा व्याजासकट पाण्यात. आणि हेच मॉर्टिमर पुढे काय करायला लागले, तर विंडरमिअर तळ्यातल्या त्या आतल्या हिंदकळणाऱ्या लाटा मोजायला. मला वाटतं गाळाची केमिस्ट्री मोजणारा माणूस लाटांकडे वळला तो काही हौस म्हणून नाही, फॉस्फरस सुटणार की नाही हे ढवळण्यावर ठरतंय हे त्यांना दिसलं असणार.

दुसरं उदाहरण सिएटलचं लेक वॉशिंग्टन. 1963 ते 1968 मध्ये तिथे येणारं सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं आणि तळं काही वर्षांतच निवळलं. कारण ते खोल, तळाला ऑक्सिजन टिकून होता, आणि पाणी अडीचेक वर्षांत बदलतं. ईरी सरोवराचंही तेवढंच आहे, अडीच वर्षांच्या आसपास. अमेरिकेतल्याच लेक टाहो तळ्याचं पाणी बदलायला मात्र साडेसहाशे वर्षं लागतात. तिथे आज चूक केली तर कितव्या पिढीला निस्तरावी लागेल ते तुमच्या विद्यार्थ्यांना गणित म्हणून घाला.

आणि विद्यार्थ्यांसाठीच एक, थर टिकेल की मोडेल याचा एक आकडा आहे, रिचर्डसन आकडा. घनतेचा फरक थर धरून ठेवतो, वेगातला फरक तो फाडतो, दोघांचं गुणोत्तर. 1961 मध्ये माइल्स आणि हॉवर्ड यांनी सिद्ध केलं की हा आकडा सगळीकडे पावच्या वर असेल तर प्रवाह स्थिर राहतो. खाली गेला तर ढवळण्याची शक्यता सुरू. पाव! एवढ्या गुंतागुंतीच्या पाण्याला इतका सुटसुटीत आकडा.

प्रश्न : तळ्यातून वायू निघून हजारो माणसं मेली असं व्हॉट्सॲपवर आलंय. अफवा ना?

तुमच्या मेसेजमधला "पुन्हा होणार, दहा लोकांना पाठवा" हा भाग अफवा, घटना खरी. कॅमेरूनमधलं न्योस नावाचं तळं, 21 ऑगस्ट 1986. ज्वालामुखीच्या मुखातलं, 200 मीटरहून जरा जास्त खोल. जमिनीखालून कार्बन डायऑक्साइड तळाच्या पाण्यात विरघळत राहिला, वरच्या पाण्याच्या दाबामुळे तो विरघळलेलाच राहिला, आणि हे तळं दरवर्षी नीट वर-खाली होत नसल्यामुळे साठतच गेला. पहिल्या प्रश्नातल्या तलावाला वारंवार उलटणं हा शाप, इथे न उलटणं. त्या रात्री काहीतरी निमित्त झालं, थोडं खालचं पाणी वर आलं, दाब कमी झाल्यावर बुडबुडे सुटले, बुडबुड्यांनी आणखी पाणी वर ओढलं, आणि मग थांबलंच नाही. हवेपेक्षा जड वायू दऱ्यांमधून वाहत गेला, पंचवीसेक किलोमीटरपर्यंत, सतराशेच्या वर माणसं झोपेत गेली, गुरं वेगळी. त्याच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट 1984 मध्ये, जवळच्याच मोनून तळ्यात 37 माणसं गेली होती तेव्हा कोणाला कारण पटलं नव्हतं.

उपाय मात्र सुंदर आहे. 2001 मध्ये तळापर्यंत जाणारी उभी नळी सोडली. सुरुवातीला पंपाने थोडं पाणी वर खेचायचं, ते चढताना वायू सुटतो, नळीतलं पाणी हलकं होतं, मग ते स्वतःच वर येतं आणि खालचं ओढतं. पंप बंद केला तरी चालूच. पन्नासेक मीटर उंच फवारा उडायचा तळ्याच्या मध्यावर, विजेशिवाय. ज्या कारणाने माणसं मेली तेच तंत्र, फक्त एका नळीच्या आत आणि हळूहळू. पुढे आणखी नळ्या टाकल्या.

उरलेल्या पत्रांत बोअरवेल आणि टाकीबद्दलचे प्रश्न बरेच आहेत, ते पुढच्या अंकात घेते. लिहिताना खोली आणि तापमान कळवलंत तर उत्तर लवकर देता येईल.